यजमान कोण? : कंट्री हाऊसमधील धर्मादाय चहापानाचा इतिहास

'यजमान' हा शब्द मराठीत आज आपण घरधनी, पाहुणचार करणारा या अर्थाने वापरतो. मूळ संस्कृतात यजमान म्हणजे जो स्वतःच्या खर्चाने यज्ञ करवून घेतो आणि ऋत्विजांना दक्षिणा देतो तो. खर्च कोणाचा, हा प्रश्न या शब्दाच्या पोटातच होता. पुढे तो झिजत गेला आणि अगत्य तेवढे उरले. इंग्लंडातल्या एखाद्या जुन्या, जीर्णोद्धार झालेल्या कंट्री हाऊसमध्ये सत्कार्याला निधी जमवण्यासाठी दुपारचे चहापान योजतात, तेव्हा हा झिजलेला अर्थ पुन्हा वर काढावासा वाटतो. पाहुणा तिकीट काढून येतो. घराचा मालक, किंवा आता घर सांभाळणारा न्यास, जागा देतो. केक आणि स्कोन बहुधा गावातल्या बायका घरून करून आणतात. जमलेला पैसा परिचारिकांच्या संस्थेला किंवा छपराच्या दुरुस्तीला जातो. मग या पंक्तीचा यजमान कोण?

प्रश्न वरवर हलका वाटतो. परंतु इंग्रजी कादंबरी मराठीतून वाचणाऱ्या-शिकवणाऱ्या आपणांसारख्यांना तो टाळता येत नाही. जेन ऑस्टिनपासून काझुओ इशिगुरोपर्यंत ज्या घरांमध्ये आपण विद्यार्थ्यांना हिंडवून आणतो, त्या घरांतला चहा हा आपल्याकडे 'इंग्रजी संस्कृती'चा सर्वांत निरुपद्रवी भाग समजला जातो. त्या चहाचा हिशेब मांडला तर काय दिसते, एवढेच या लेखात पाहायचे आहे.

प्रथम शब्दाविषयी. 'कंट्री हाऊस'ला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. वाडा म्हटला की पेठ आठवते, गढी म्हटली की बुरूज आणि पाटीलकी आठवते, बंगला म्हटला की साहेबी अंमल. कंट्री हाऊस म्हणजे शेकडो वा हजारो एकर जमिनीच्या मध्यभागी उभे असलेले, त्या जमिनीच्या खंडावर आणि बाहेरून आलेल्या पैशावर पोसलेले, सत्ता आणि सुसंस्कृतता एकाच वेळी मिरवणारे घर. आम्ही तोच शब्द ठेवतो.

या घरातल्या दुपारच्या चहाची एक उत्पत्तिकथा सर्वतोमुखी आहे. बेडफर्डची सातवी डचेस ॲना मारिया हिला दुपारचे हलके खाणे आणि रात्री उशिराचे जेवण यांच्यामधल्या लांबलेल्या वेळात गळून गेल्यासारखे होई. म्हणून तिने आपल्या खोलीत चहा आणि पाव-लोणी मागवायला सुरुवात केली, मग मैत्रिणींना बोलावू लागली, आणि प्रथा रूढ झाली. कथेचे घर म्हणून तिचे वोबर्न ॲबी सांगितले जाते. या कथेला एक प्रत्यक्ष साक्षीदार आहे: फॅनी केम्बल ही नामवंत अभिनेत्री. तिने पुढे आपल्या आठवणींत लिहिले आहे की मार्च १८४२ मध्ये बीव्हर कॅसल येथे पाहुणी असताना डचेसने तिला आपल्या खोलीत खाजगी चहाला बोलावले, आणि दुपारच्या चहाशी तिचा परिचय तेव्हाच झाला. म्हणजे आरंभी ही गोष्ट जवळजवळ चोरून करण्याची होती. निवडक बायका, बंद खोली, डचेसची स्वतःची किटली.

साक्षीदार म्हणून केम्बलकडे जरा थांबून पाहायला हवे. १८३४ मध्ये तिने अमेरिकेतल्या पिअर्स बटलरशी लग्न केले होते. बटलर घराण्याच्या जॉर्जियातल्या भात आणि कापसाच्या मळ्यांवर शेकडो गुलाम राबत होते. १८३८-३९ चा हिवाळा केम्बलने तिथे काढला. तिथल्या गुलाम स्त्रियांची बाळंतपणे, आजार आणि मारहाण यांविषयी तिने दैनंदिनी लिहिली, आणि ती १८६३ मध्ये, अमेरिकन यादवी युद्धाच्या ऐन काळात, प्रसिद्ध केली. दुपारच्या चहाच्या जन्माची साक्ष देणारी स्त्री आणि मळ्यावरच्या गुलामगिरीची साक्ष देणारी स्त्री एकच आहे. चहाच्या इतिहासात तिचे पहिले पुस्तक सांगतात आणि गुलामगिरीच्या इतिहासात दुसरे. दोन्ही पुस्तके एका फळीवर क्वचितच ठेवली जातात.

आता पेल्यात काय होते ते पाहू. चहा अठराव्या शतकात महाग होता, कारण त्यावर जबर कर होता. १७८४ च्या कम्युटेशन ॲक्टने हा कर ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणला आणि चोरट्या व्यापाराचा कणा मोडला. साखर कॅरिबियन बेटांवरून, गुलामांच्या श्रमांतून येई. विल्यम फॉक्सने १७९१ मध्ये या साखरेवर बहिष्कार घालण्याचे आवाहन करणारी पत्रिका काढली, तेव्हा टॉमस क्लार्कसनच्या अंदाजाप्रमाणे सुमारे तीन लाख लोकांनी ती साखर सोडली. पुढे १८२० च्या दशकात तर हिंदुस्थानातून आलेली, गुलामांनी न केलेली साखर आपण वापरतो, असे बाहेरून लिहिलेली साखरदाणी चहाच्या मेजावर ठेवण्याची रीत काही घरांत निघाली. म्हणजे चहाच्या मेजावर नीतीचा प्रश्न आजच्या टीकाकारांनी नव्याने आणून ठेवलेला नाही. तो त्या मेजावर डचेसच्या आधीपासून होता, आणि तो ठेवणाऱ्यांत गृहिणी आघाडीवर होत्या.

चहाचे मोल मात्र आणखी एका मालाने चुकते होत होते. चीनला द्यायला इंग्लंडपाशी चांदीखेरीज फारसे काही नव्हते. ती उणीव हिंदुस्थानातल्या अफूने भरून काढली. बंगालची अफू कलकत्त्याहून जाई आणि माळव्याची मुख्यतः मुंबईहून. केम्बल मार्च १८४२ मध्ये बीव्हरला चहा पीत होती, तेव्हा पहिले अफूयुद्ध चालू होते. त्याच वर्षी २९ ऑगस्टला नानकिंगचा तह झाला आणि हाँगकाँग इंग्रजांकडे गेले. त्याच १८४२ मध्ये मुंबईच्या जमशेटजी जिजीभाईंना 'सर' हा किताब मिळाला, आणि १८५७ मध्ये ते बॅरोनेट झाले. जार्डिन मॅथिसन कंपनीबरोबरच्या चीन-व्यापारात, ज्यात अफू आणि कापूस हे प्रमुख जिन्नस होते, त्यांनी संपत्ती मिळवली; आणि त्यांच्या देणगीतून १८४५ मध्ये मुंबईत रुग्णालय उघडले. आज ज्याला आपण 'जे.जे.' म्हणतो ते हेच. बीव्हरच्या खोलीतला पेला आणि भायखळ्याचे रुग्णालय हे एकाच व्यापारचक्राचे दोन आरे आहेत. जमशेटजींच्या दातृत्वाला उणेपणा आणावा म्हणून आम्ही हे लिहीत नाही. ज्या पैशाने दुखणे विकले त्याच पैशाने दुखणे बरेही केले, आणि त्या रुग्णालयात बरे झालेल्या माणसाचे बरे होणे खोटे नव्हते. धर्मादाय या गोष्टीची गाठ अशी दुहेरी आहे. तिचे एकच सूत ओढून चालत नाही.

डचेसच्या चहात धर्मादायाचा अंश नव्हता. मग 'निधीसाठी चहा' ही कल्पना आली कोठून? उत्तर कंट्री हाऊसच्या बाहेर, गिरणगावांत सापडते. १८३० च्या दशकात लँकेशायरमधल्या प्रेस्टनसारख्या गावांत मद्यपानविरोधी चळवळीने मोठमोठ्या चहासभा भरवल्या. शेकडो माणसे, लांब बाके, भाषणे, गाणी आणि बिअरऐवजी चहा. हीच पद्धत चॅपलांनी, रविवारच्या शाळांनी आणि धान्य-कायदाविरोधी संघटनेने उचलली. या सभांचे अर्थशास्त्र साधे आणि विलक्षण होते. प्रत्येक बाईने एक 'ट्रे' द्यायचा, म्हणजे एका मेजाचा चहा, साखर, लोणी, केक आणि कपबशाही स्वतःच्या पदराने आणायच्या. मेजावर बसणारे तिकीट काढून येत. खर्च बायकांच्या घरखर्चातून गेलेला असल्यामुळे तिकिटाचा जवळजवळ सगळा पैसा कार्याला मिळे. धान्य-कायदाविरोधी संघटनेने मे १८४५ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात मोठी जत्रा भरवली आणि सुमारे २५ हजार पौंड जमवले. त्या जत्रेतल्या दुकानांमागेही मुख्यतः स्त्रियांचे शिवणटिपण आणि श्रम होते. ज्यांना मताधिकार नव्हता त्यांनी राजकारणाला पैसा पुरवण्याची ही वाट शोधली.

तेव्हा कंट्री हाऊसमधल्या धर्मादाय चहापानाला दोन आया आहेत. एक बीव्हरच्या खोलीतली डचेस; दुसरी, जिचे नाव कोठे नोंदलेले नाही अशी, ट्रे उचलून सभागृहात येणारी गिरणगावातली बाई. रूप पहिलीचे: चांदीची किटली, पातळ काकड्यांचे सँडविच, हिरवळ. हिशेब दुसरीचा. परंपरा सांगताना मात्र आपण पहिलीचेच नाव घेतो. भाषेनेही हा घोटाळा पक्का केला आहे. 'हाय टी' हे मुळात कामकऱ्यांचे संध्याकाळचे पोटभर जेवण. उंच मेजावरचे म्हणून 'हाय', असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. आपल्याकडच्या हॉटेलांच्या आमंत्रणपत्रिकांवर तोच शब्द उच्चभ्रूपणाची खूण म्हणून छापला जातो. डचेसचा मान मजुराच्या ताटाला, तोही नकळत, मिळालेला पाहून गंमत वाटते.

दोन्ही धारा एकत्र येण्यासाठी एक गोष्ट घडावी लागली: डचेसच्या वारसांना पैशाची गरज पडली. १८७० नंतर अमेरिकेतून स्वस्त धान्य येऊ लागले आणि शेतजमिनीचे खंड घसरले. १८९४ मध्ये सर विल्यम हारकोर्टने मृत्युकर बसवला. तेव्हा त्याचा कमाल दर ८ टक्के होता, १९१९ मध्ये तो ४० टक्के झाला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच्या दुपटीपर्यंत गेला. दोन महायुद्धांत वारस मेले, नोकर गेले, लष्कराने घरे ताब्यात घेतली. घरे विकली गेली, पाडली गेली, त्यांच्या संगमरवरी चुली लिलावात निघाल्या. १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने कंट्री हाऊसच्या विनाशावर प्रदर्शन भरवले, त्यात मागल्या शंभर वर्षांत नाहीशा झालेल्या हजाराहून अधिक घरांची नोंद होती.

वाचण्याचे मार्ग थोडेच होते. १८९५ मध्ये ऑक्टेव्हिया हिल, रॉबर्ट हंटर आणि हार्डविक रॉन्स्ली यांनी स्थापलेला नॅशनल ट्रस्ट प्रामुख्याने मोकळ्या जागा आणि निसर्ग जपण्यासाठी होता. १९३४ मध्ये लॉर्ड लोथियन यांनी त्याला कंट्री हाऊसकडे लक्ष देण्याचे आवाहन केले. १९३७ च्या कायद्याने वाट मोकळी केली. मालकाने घर आणि त्याच्या देखभालीपुरता निधी ट्रस्टला द्यायचा, कुटुंबाने घरात राहायचे, आणि ठरावीक दिवशी लोकांना आत येऊ द्यायचे. दुसरा मार्ग उघड व्यापाराचा. बेडफर्डच्या तेराव्या ड्यूकने मृत्युकराच्या ओझ्याखाली १९५५ मध्ये वोबर्न ॲबी तिकीट लावून उघडले. म्हणजे ज्या घराच्या नावावर दुपारच्या चहाची कथा सांगितली जाते, त्याच घराने शंभरेक वर्षांनी अनोळखी पाहुण्यांकडून दारात पैसे घेतले. पाहुणचाराची रीत तीच राहिली, पण पैशाची दिशा उलटी झाली.

धर्मादायाची रीतसर गाठ मात्र याआधीच, १९२७ मध्ये, पडली होती. इंग्लंडात गरिबांच्या घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांची पद्धत १८५९ मध्ये लिव्हरपूलच्या विल्यम रॅथबोनने सुरू केली. त्याच्या पत्नीच्या अखेरच्या आजारात घरी आलेल्या परिचारिकेला त्याने पुढे गावातल्या गरिबांसाठी नेमले. या परिचारिकांच्या संस्थेला पैसा हवा होता. १९२६ मध्ये संस्थेच्या मंडळावरील एल्सी वॅग यांनी सुचवले, की मोठ्या घरांच्या बागा लोकांसाठी उघडाव्या आणि माणशी एक शिलिंग घ्यावा. १९२७ मध्ये ६०९ बागा उघडल्या आणि ८ हजारांहून अधिक पौंड जमले. नॅशनल गार्डन स्कीम या नावाने ही योजना आजही चालते, आणि तिच्या बागांइतकीच तिथल्या घरगुती केकची आणि चहाची ख्याती आहे.

या योजनेत आम्हाला दोन गोष्टी लक्षणीय वाटतात. पहिली, शिलिंग. शिलिंग ही मजुरालाही परवडू शकेल अशी रक्कम होती. पिढ्यान्‌पिढ्या ज्या भिंतीच्या बाहेरून बाग नुसती ऐकली, तिच्या आत जाण्याची ती किंमत होती. दुसरी, पैशाचा मार्ग. बागवानाच्या श्रमातून फुललेली बाग पाहायला गावकरी शिलिंग देई, आणि तो शिलिंग फिरून गावकऱ्याच्याच आजारपणात परिचारिकेच्या रूपाने त्याच्या दारी येई. जमीनदाराने यात काय दिले? भिंतीतला दरवाजा उघडला. हे देणे लहान नाही. पण दात्यांच्या यादीत ते सर्वांत वर लिहिण्याइतके मोठेही नाही.

आता एका घरात शिरून पाहू. ससेक्समधले अपपार्क हे सतराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेले घर १७४७ मध्ये सर मॅथ्यू फेदरस्टनहॉने घेतले. त्याचा मुलगा सर हॅरी याने १८२५ मध्ये, वयाची सत्तरी गाठल्यावर, आपल्याच दुग्धशाळेत काम करणाऱ्या मेरी ॲन बुलक या विशीतल्या मुलीशी लग्न केले आणि सगळे घर तिला ठेवले. तिच्यामागे ते तिच्या बहिणीकडे, फ्रान्सिसकडे गेले. या फ्रान्सिसच्या पदरी १८८० ते १८९३ या काळात घरव्यवस्थापिका होती सारा वेल्स, म्हणजे एच. जी. वेल्सची आई. 'टोनो-बंगे' (१९०९) या वेल्सच्या कादंबरीतले ब्लेड्सओव्हर म्हणजे अपपार्कच. त्या कादंबरीत आपल्याला चहा दिसतो तो दिवाणखान्यातला नाही. तळमजल्यावर व्यवस्थापिकेच्या खोलीत निवृत्त नोकरमंडळी जमून जो चहा घेतात, तो. मालकांच्या बोलण्याची लकब, त्यांची मानापमानाची गणिते ही मंडळी चहाबरोबर घोटघोट पितात. अपपार्कला स्वयंपाकघर आणि तबेले मुख्य घराला भुयारांनी जोडलेले आहेत. नोकर जमिनीखालून ये-जा करीत, म्हणजे हिरवळीवरून पाहणाऱ्याच्या नजरेला ते पडत नसत. इंग्रजी कादंबरीतल्या बहुतेक चहाच्या प्रसंगांत किटली आपोआप येते. वेल्स ती कोणत्या भुयारातून आली हे सांगतो, कारण त्याची आई त्या बाजूला होती.

चहातली साखरही याच काळात आपली जागा बदलत होती. १८७४ मध्ये साखरेवरचा कर उठला आणि ती गरिबाच्या घरी मुबलक झाली. ऑस्कर वाइल्डच्या १८९५ च्या 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट'मध्ये, खेड्यातल्या घराच्या बागेत, साखर नको म्हणणाऱ्या पाहुणीच्या पेल्यात यजमानीण मुद्दाम चार खडे टाकते. प्रेक्षक हसतात. शंभर वर्षांपूर्वी साखर नाकारणे ही नैतिक कृती होती. आता ती केवळ फॅशन झाली होती. पदार्थ स्वस्त झाला, की त्याच्यामागचा प्रश्नही कसा विसरला जातो, याचे यापेक्षा नेमके उदाहरण आम्हाला सुचत नाही.

अपपार्क १९५४ मध्ये नॅशनल ट्रस्टकडे आले. ३० ऑगस्ट १९८९ रोजी, छपराच्या शिसे-कामाची दुरुस्ती संपत आलेली असताना, कारागिराच्या ज्योतीने आग लागली. वेळ दुपारची होती आणि घर पाहुण्यांसाठी उघडे होते. कुटुंब, कर्मचारी, अग्निशामक दल यांनी साखळी करून तळमजल्यावरच्या वस्तू, चित्रे, गालिचे हिरवळीवर आणून ठेवले. वरचे मजले गेले, भिंती उरल्या. पाडावे की बांधावे, यावर वाद झाला. निर्णय झाला की घर आगीच्या आदल्या दिवशी जसे होते तसे करायचे. चकचकीत नवे नाही, तर त्याच्या विटलेल्या रंगांसह, झिजेसह. राखेचा ढिगारा चाळून गिलाव्याचे तुकडे, कुलपांचे पितळ, लाकडी नक्षीचे अवशेष वेचले. हाताने गिलाव्याची नक्षी घडवण्याचे जवळजवळ विसरलेले कसब कारागिरांनी पुन्हा शिकून घेतले. १९९५ मध्ये घर पुन्हा उघडले.

'जीर्णोद्धार' हा आपला शब्द देवळांसाठी आहे. आपल्याकडे जीर्णोद्धारात बहुधा जुने काढून नवे, अधिक भव्य बसवतात आणि दात्याचे नाव पायरीवर कोरतात. अपपार्कने वेगळी कल्पना मांडली: झीजही परत आणायची. ही कल्पना आम्हाला फार मोलाची वाटते, आणि म्हणूनच तिच्याकडे आमची एक मागणी आहे. पडद्याचा विटलेला रंग परत आणता येतो, तर ज्या पैशातून पडदा आला त्याची नोंदही परत आणता यायला हवी. घर आदल्या दिवशी होते तसे उभे करायचे असेल, तर भुयारातून किटली आणणाऱ्या माणसांसकट करायला हवे.

पुष्कळ घरांत आज चहागृह मुख्य इमारतीत नसते, ते जुन्या तबेल्यात किंवा स्वयंपाकघरात असते. कारण व्यावहारिक आहे. गालिचे आणि रेशमी भिंतींजवळ गरम चहा परवडत नाही. परिणाम असा, की ज्याने तिकीट काढले तो पाहुणा दिवाणखान्यातून दोरीपलीकडून चालत जातो आणि चहा पितो तो घोड्यांच्या किंवा नोकरांच्या जागेत. एरवी कोणी याला अपमान म्हटले असते. आम्हाला त्यात एक न ठरवलेला न्याय दिसतो: धर्मादाय चहापान आपल्या खऱ्या आईच्या घरी परत गेले आहे.

इथे पुण्याची आठवण अपरिहार्य आहे, कारण इंग्रजी चहा-निमंत्रणाची रीत आपल्याकडे आली तेव्हा तिने केवढे वादळ उठवले हे आपण जाणतो. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये झालेल्या व्याख्यानाला न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदी मंडळी गेली; तिथे चहा-बिस्किटे पुढे आली; कोणी घेतली, कोणी नुसता मान राखला. गोपाळराव जोशी यांनी यादी 'पुणे वैभव'मध्ये छापवून आणली आणि ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत आणि प्रायश्चित्तापर्यंत गेले. त्या वादाच्या केंद्रस्थानी एकच प्रश्न होता: हा चहा कोणाच्या हातचा? पेला देणारा हात कोणत्या धर्माचा, कोणत्या जातीचा, याचा खल झाला. ज्या हातांनी आसामात ती पाने खुडली, त्या कराराने बांधलेल्या मजुरांचे हात त्या प्रश्नाच्या कक्षेत येत नव्हते. 'कोणाच्या हातचा' हा प्रश्न चुकीच्या कारणासाठी विचारला गेला म्हणून तो टाकून द्यावा असे नाही. विटाळाच्या भीतीने नव्हे, कृतज्ञतेच्या आणि हिशेबाच्या भावनेने तो पुन्हा विचारता येतो.

इंग्लंडात तो विचारला गेला तेव्हा काय झाले? सप्टेंबर २०२० मध्ये नॅशनल ट्रस्टने आपल्या ताब्यातल्या ९३ स्थळांचे वसाहतवादाशी आणि गुलामगिरीशी असलेले संबंध नोंदवणारा अहवाल प्रसिद्ध केला. मोठा गदारोळ झाला. लोक चहा प्यायला, बाग पाहायला येतात. त्यांना अपराधी वाटायला लावणे हे ट्रस्टचे काम नव्हे, असा आक्षेपाचा सूर होता. धर्मादाय आयोगाने मार्च २०२१ मध्ये निर्वाळा दिला की ट्रस्टने धर्मादाय कायद्याचा भंग केलेला नाही.

आक्षेपातला एक भाग खरा आहे: पाहुण्याला बोलावून त्याला दोष देणे हा पाहुणचार नव्हे. पण हिशेब दाखवणे म्हणजे दोष देणे नव्हे. यॉर्कशायरमधले हेअरवुड हाऊस पाहा. १७५९ ते १७७१ या काळात ते एडविन लॅसेल्ससाठी बांधले गेले, आणि कुटुंबाची संपत्ती कॅरिबियन साखरेच्या आणि गुलामांच्या व्यवहारातून आली होती. १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी उठली तेव्हा भरपाई म्हणून २ कोटी पौंड मिळाले ते मालकांना. हेअरवुडच्या अर्लला १,२७७ माणसांच्या बदल्यात सुमारे २६ हजार पौंड मिळाले. माणसांना काही मिळाले नाही. १९८६ पासून हे घर धर्मादाय न्यासाकडे आहे आणि घराचे विद्यमान अर्ल हा इतिहास उघडपणे सांगतात. २०२३ मध्ये 'एअर्स ऑफ स्लेव्हरी' हा गट ज्यांनी स्थापला त्यांत तेही होते. या घराच्या परिसरात आजही चहा मिळतो. इतिहास सांगितल्याने चहा कडू झाला नाही.

तेव्हा यजमान कोण, या आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. मूळ अर्थाने, म्हणजे ज्याचा खर्च झाला तो, असे म्हटले तर यजमानांची यादी लांबते: साखरेच्या मळ्यावरची माणसे, आसामातले मजूर, भुयारातले नोकर, ट्रे देणाऱ्या बायका, आणि शिलिंग देणारा गावकरी. डचेस त्या यादीत आहे, पण ती पहिली नाही. धर्मादाय चहापान हे ढोंग आहे असे म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. परंतु त्या पैशातून परिचारिका खरोखर कोणाच्या तरी दारी पोचते, आणि केक करणाऱ्या बाईची दुपार खरोखर कार्याला लागते. उलट, सुंदर घर, सुंदर हिरवळ, सत्कार्य, यापलीकडे पाहायचे नाही असे म्हणणे म्हणजे वाइल्डच्या प्रेक्षकासारखे साखरेवर नुसते हसणे आहे.

वर्गात एखादी इंग्रजी कादंबरी शिकवताना चहाचा प्रसंग आला, की विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारावेत असे आम्हाला वाटते. किटली कोणी आणली? साखर कोठून आली? आणि हा खर्च कोणाच्या पदराचा? 'मॅन्सफिल्ड पार्क'मधल्या अँटिग्वाच्या मळ्याकडे एडवर्ड सैदने १९९३ मध्ये बोट दाखवले, तेव्हा तो याच प्रश्नांना वेगळ्या भाषेत विचारत होता. या प्रश्नांनी कादंबरीचा आनंद कमी होत नाही. मेजाभोवतीची माणसे वाढतात. जीर्णोद्धार केलेल्या घरात चहापान योजणाऱ्यांनाही आमचे सांगणे एवढेच, की देणगीदारांच्या फलकाशेजारी आणखी एक फलक लावा, आणि त्यावर या घराला आजवर ज्यांनी पोसले त्यांची नावे, जेवढी सापडतील तेवढी, लिहा. सापडणार नाहीत तिथे संख्या लिहा. मग पाहुण्यांना खुशाल चहा द्या. तो ते आनंदाने घेतील, आणि आपण कोणाच्या पंक्तीला बसलो हे त्यांना ठाऊक असेल.